नऊ हजार किलोमीटरची फेरारी घ्यावी, की जाड फाइलवाली?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: बऱ्याच वर्षांच्या बचतीतून सेकंडहँड फेरारी ३६० मोडेना घ्यायची आहे. शोधाशोध करून दोन गाड्या हाती लागल्या आहेत. दोन्ही २००२ सालच्या आणि दोन्हींना पॅडलने गिअर बदलायचा ‘एफ१’ गिअरबॉक्स. पहिली फक्त ९,००० किलोमीटर चाललेली, पाच मालकांच्या हातून गेलेली, चकचकीत. टायमिंग बेल्ट आठ वर्षांपूर्वी बदलल्याचं विक्रेता सांगतो, पण कागद मोजकेच. दुसरी ५२,००० किलोमीटर चाललेली, दोन मालकांची. तिच्या पुढच्या बंपरवर खड्यांचे टवके आहेत, सीटला सुरकुत्या आहेत, पण सोबत पावत्यांची जाड फाइल आहे. पहिलीची किंमत दुसरीपेक्षा सुमारे १५ टक्के जास्त आहे आणि ‘दुसरं गिऱ्हाईक तयार आहे’ म्हणत विक्रेता दोन दिवसांत इसार मागतो आहे. वाचकाचं मन पहिलीवर बसलं आहे. रविवारी लांब फेरी, आठवड्यातून एक-दोनदा ऑफिस आणि पुढे विकताना चार पैसे जास्त, असा त्यांचा हिशेब आहे. गाडी ओळखीचा मेकॅनिक बघणार आहे. बचत जवळजवळ सगळी खरेदीतच जाईल. ‘कमी चाललेली गाडी घेण्यात काही चुकतंय का?’ असं त्यांनी विचारलं आहे.

प्रिय वाचक,

कमी चाललेली गाडी घेणं चूक नाही. पण ते १५ टक्के जास्त तुम्ही नेमके कशासाठी मोजणार आहात, हे इसार देण्याआधी एकदा तपासून घेऊ. तुमच्या पत्रावरून माझा कल स्पष्टपणे दुसऱ्या गाडीकडे आहे. तीही तपासल्याशिवाय घेऊ नका, आणि पहिलीचा इसार घाईघाईने, बिनअटीचा तर मुळीच देऊ नका.

किलोमीटरच्या आकड्यापासून सुरुवात करू. रोजच्या वापरातल्या गाडीत हा आकडा बरंच काही सांगतो, कारण ती गाडी नियमित चालते आणि झीज साधारण त्याच प्रमाणात होते. २००२ सालची गाडी ९,००० किलोमीटर चालली, म्हणजे वर्षाला सरासरी चारशेच्या आसपास. बाकीचा सगळा काळ ती उभी होती, आणि उभ्या गाडीतही बरंच काही बिघडत असतं. रबर वयाने कडक होतं: कूलंटचे पाइप, इंधनाचे पाइप, कॅमशाफ्टची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) सील, सस्पेन्शनचे बुश. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि ब्रेक पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचे पिस्टन आतून गंजून अडकू लागतात. टाकीतलं पेट्रोल जुनं होऊन इंजेक्टरच्या बारीक छिद्रांत चिकट थर धरतो. एसी वर्षानुवर्षं चालू केला नाही, तर कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील सुकतं आणि गॅस निघून जातो. त्यातही एक सवय मला फार घातक वाटते, ती म्हणजे महिन्यातून एकदा दहा मिनिटं गाडी जागेवरच स्टार्ट करून बंद करणं. तेवढ्या वेळात ऑइल नीट तापत नाही. थंड इंजिनात उतरलेलं पाणी आणि पेट्रोल ऑइलमध्येच राहतं आणि त्याचं आम्ल बेअरिंगवर बसतं. पहिल्या विक्रेत्याला विचारा, ‘गाडी चालवत नव्हता तेव्हा तिचं काय करत होता?’ ‘मधूनमधून स्टार्ट करून ठेवायचो’ असं उत्तर आलं, तर त्याला काळजी घेणं समजू नका.

आता बेल्ट. ३६० च्या ३.६ लिटर व्ही-८ मध्ये दर सिलिंडरला पाच, असे एकूण ४० व्हॉल्व्ह आहेत आणि ते टायमिंग बेल्टवर चालतात. बेल्ट तुटला किंवा दातावरून सरकला की कॅमशाफ्ट थांबतो, पिस्टनना जोडलेला क्रँक मात्र फिरत राहतो. उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि इंजिन खोलावंच लागतं. म्हणून हा बेल्ट किलोमीटर कितीही कमी असले तरी वर्षांवर बदलतात. काळजीवाले तीन वर्षांत बदलतात, सैल हाताचे पाचपर्यंत जातात. आठ वर्षं म्हणजे कुठल्याही हिशेबाने मुदत उलटून गेली, आणि त्या आठ वर्षांनाही पावतीचा आधार नाही. त्यामुळे पहिल्या गाडीत बेल्ट, तो ताणून धरणाऱ्या टेन्शनरची बेअरिंग, कॅमची सील आणि त्या निमित्ताने येणारे पाइप व कूलंट हे काम आजच निघालेलं आहे, असं धरून चाला. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की या गाडीत सीटच्या मागचं झाकण काढून बेल्टपर्यंत पोचता येतं. आधीच्या एफ३५५ मध्ये त्यासाठी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. पुढच्या एफ४३० मध्ये बेल्टऐवजी चेन आली आणि हा खर्चच गेला.

यातून टेस्ट ड्राइव्हचाही प्रश्न येतो. आठ वर्षांच्या बेल्टवर गाडी ८,००० आरपीएमपर्यंत ओढून बघायची का? मी म्हणेन, बेल्ट बदलल्याची पावती हातात आल्याशिवाय नको. तपासणीत तेवढा भाग राहिला तरी चालेल. दुसऱ्याच्या इंजिनाचे व्हॉल्व्ह वाकवून त्याची जबाबदारी कुणाची, हा वाद नको.

पुढे विकताना चार पैसे जास्त मिळतील, या हिशेबाकडेही जरा पाहा. कमी किलोमीटरला जास्त किंमत मिळते हे खरं, पण आकडा कमी राहतो तोवरच. तुम्ही दर रविवारी आणि आठवड्यातून एक-दोनदा ऑफिसला गाडी नेणार. तीन-चार वर्षांत पहिली गाडीही तीस-चाळीस हजारांवर जाईल. ज्या कमीपणासाठी आज जादा मोजाल, तो तुम्ही स्वतःच चालवून संपवणार. गाडी चालवायची असेल तर आधीच चाललेली आणि नीट सांभाळलेली घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. झाकून ठेवण्यासाठीच घ्यायची असेल तर गोष्ट वेगळी, पण तुमच्या पत्रात तसं कुठेच दिसत नाही.

तुमच्या पत्रात आणखी एक गृहीतक आहे: बचत संपेपर्यंत खरेदीत घातली तरी चालेल. सेकंडहँड आहे म्हणून अशा गाडीच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. क्लच, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरमधला धूर गोळा करणारे पाइप), गिअरचा हायड्रॉलिक पंप यांच्या किमती गाडी नवी असताना ती ज्या वर्गात होती त्याच वर्गाच्या राहतात. म्हणून खरेदीच्या रकमेच्या किमान १५ ते २० टक्के रक्कम पहिल्या दीड-दोन वर्षांच्या कामांसाठी वेगळी काढून ठेवा. ती निघत नसेल तर त्याच पैशांत स्वस्तातली ३६० शोधत बसू नका. वापर तोच ठेवून गाडीची पायरी एक खाली आणा. बाजारातली सगळ्यात स्वस्त ३६० घेणाऱ्याला बहुतेक वेळा ती सगळ्यात महाग पडते, कारण आधीच्या मालकाने टाळलेली सगळी कामं त्याच्याच गळ्यात येतात. इन्शुरन्सचा आकडाही इसाराआधी काढून घ्या.

आता गिअरबॉक्सकडे येतो, कारण तुमच्या वापराला सगळ्यात जास्त तोच भिडतो. ‘एफ१’ ही मुळात साधी मॅन्युअल पेटी. तिचा क्लच पायाऐवजी हायड्रॉलिक पंप आणि कॉम्प्युटर चालवतो. क्लच प्लेट एकच, आणि गाडी रांगत असताना ती अर्धवट घासत राहते. त्यामुळे ट्रॅफिकमध्ये इंच-इंच पुढे सरकणं, चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणं आणि रिव्हर्समध्ये चढ चढणं या तीन गोष्टी प्लेट खातात. वापरानुसार ती कुणाची दहा हजार किलोमीटरमध्ये संपते, कुणाची तीस हजारांपुढे जाते. ऑफिसचा रस्ता गर्दीचा असेल, तर तीन पेडलची, उघड्या धातूच्या गेटमधून गिअर टाकायची मॅन्युअल ३६० तुमच्या यादीत का नाही, याचा एकदा विचार करा. तिची संख्या कमी आहे आणि किंमत चढी, पण क्लच तुमच्या पायाच्या ताब्यात राहतो.

एफ१ च घ्यायची असेल तर क्लचची झीज स्कॅनरने टक्क्यांत वाचता येते. साध्या स्कॅनरने ते जमत नाही. फेरारीचं एसडी२ किंवा एसडी३ यंत्र, नाहीतर लिओनार्डोसारखं या गाड्यांसाठीच बनवलेलं उपकरण लागतं. टक्केवारी वाचताना एक खबरदारी घ्या. क्लच बदलल्यावर नव्या प्लेटचं माप कॉम्प्युटरला नव्याने शिकवावं लागतं. ते केलं नसेल तर पडद्यावर दिसणारी झीज निरर्थक असते. म्हणून आकड्यासोबत क्लच बदलल्याची पावती मागा, तारीख आणि किलोमीटरसह. ७० टक्क्यांच्या पुढे झीज दिसली तर क्लचचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करून बोला. पंपासाठी कान द्या. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की पंप काही सेकंद घुं करून दाब भरतो आणि थांबतो. गाडी चालू असताना गिअर न बदलताही तो दर काही सेकंदांनी पुन्हा चालू होत असेल, तर दाब साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर थकला आहे किंवा आत कुठेतरी गळती आहे. अशी गाडी तशीच चालवली की पंप जळतो. पंपाचा रिले, म्हणजे त्याला वीज देणारा स्विच, चिकटूनही पंप सतत चालू राहतो आणि जळतो. तो छोटासा रिले ठरावीक काळाने बदललेला आहे का, हे फाइलमध्ये पाहा. सांभाळून वापरणारा मालक त्यातून ओळखू येतो.

तर फाइल. दुसऱ्या गाडीची फाइल जाड आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, ती वाचायची असते. सर्व्हिस बुकातले शिक्के बाजूला ठेवा आणि पावत्या तारखेनुसार लावा. प्रत्येकीवरचं किलोमीटरचं वाचन कागदावर उतरवा. ते सरळ वाढत गेलं पाहिजे. कुठे दोन-तीन वर्षांची पोकळी दिसली तर त्या काळात गाडी कुठे होती ते विचारा. ‘मेजर सर्व्हिस झाली’ या शब्दांवर थांबू नका. त्यात बेल्ट होता का, टेन्शनर बदलले की जुनेच ठेवले, कुठले भाग नंबरासहित लिहिलेत, ते पाहा. सुरुवातीच्या ३६० मध्ये कॅमशाफ्टचे फेज व्हेरिएटर (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ मागेपुढे करणारे भाग) हा दुखरा भाग होता. सुधारित व्हेरिएटर आहेत का, हे चेसिस नंबर देऊन तपासून घ्या. एकच तक्रार पुन्हा पुन्हा दिसली, समजा तीन वेळा इंजिनचा दिवा आणि तीन वेळा नवा सेन्सर, तर मूळ दोष अजून गाडीतच आहे असं समजा. चेसिस आणि इंजिन नंबर कागदांशी स्वतः ताडून पाहा. सगळ्या किल्ल्या, अलार्मचे रिमोट, कोडचं कार्ड, टूलकिट, पुस्तकं हातात घेऊन मोजा.

पहिल्या गाडीचे ९,००० खरे आहेत का, हेही पाहायला हवं. पाच मालक आणि मोजके कागद असताना ओडोमीटरवर आंधळा विश्वास नको. ड्रायव्हरच्या सीटचा बाहेरचा उंचवटा पाहा, चढता-उतरताना तिथे अंग घासतं. स्टिअरिंगचं चामडं हात पडतो तिथे गुळगुळीत होऊन चमकतं. ब्रेक डिस्कच्या कडेला बोट फिरवा, जाणवण्याएवढी धार झाली असेल तर ती ९,००० किलोमीटरची नाही. डिस्क बदलल्या असतील, तर एवढ्या कमी चालीत का बदलल्या, हा पुढचा प्रश्न. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, आधी आठवडा, मग वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी सहा वर्षांपेक्षा जुना टायर या ताकदीच्या गाडीवर बदलायचाच, कारण रबर कडक झालं की ओल्या रस्त्यावर मागची चाकं धरत नाहीत. डॅशबोर्डवरची बटणं बोटाला चिकट लागतात का आणि डॅशबोर्डचं चामडं आकसून कडेला उचललंय का, हेही बघा. चिकट बटणं त्या काळच्या फेरारींचा सर्रास आढळणारा दोष आहे. तो धोक्याचा नाही, भाव करायला उपयोगी आहे.

तुमच्या ओळखीच्या मेकॅनिकबद्दल. तो प्रामाणिक आणि हुशार असेलच, त्याला सोबत जरूर न्या. पण या गाडीची तपासणी त्याच्यावर टाकणं त्याच्यावरही अन्याय आहे. या मॉडेलची इंजिनं नेहमी खोलणारा, योग्य स्कॅनर असलेला आणि विक्रेत्याशी व्यवहाराचा संबंध नसलेला तज्ज्ञ शोधा. तपासणीचे पैसे तुम्ही भरा, म्हणजे अहवाल तुमचा राहील. अर्ध्या दिवसाची तपासणी मागा. तासाभरात ‘गाडी छान आहे’ एवढं तोंडी उत्तर मिळालं तर ती तपासणी झालीच नाही.

त्यात सगळ्यात मोलाची चाचणी म्हणजे लीकडाउन. प्रत्येक सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला आणतात, स्पार्क प्लगच्या जागेतून ठरावीक दाबाने हवा भरतात आणि किती टक्के हवा निसटते ते मापकावर वाचतात. दहा टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, वीसच्या पुढे गेली तर कारण शोधायलाच हवं. आकड्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे हवा कुठून निसटते. एक्झॉस्टच्या नळीतून फुस्स आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलकडून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आला तर पिस्टन रिंग, आणि कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. आठही सिलिंडरचे आकडे लिहून घ्या. सगळे १२ असतील तर चिंता नाही. सात ५ वर आणि एक १८ वर असेल, तर त्या एकाची चौकशी करा. नुसत्या कॉम्प्रेशन टेस्टवर भागवू नका, तिच्यातून एवढा उलगडा होत नाही.

गाडी लिफ्टवर चढवली की खालचे पत्रे काढायला लावा. ३६० चा तळ सपाट आवरणांनी झाकलेला आहे आणि गळती नेमकी त्या आवरणांत साठते, जमिनीवर थेंबही दिसत नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड उष्णतारोधक आवरणात असतात, त्यामुळे तडे डोळ्यांना दिसत नाहीत. थंड इंजिनवर टिक-टिक आवाज येऊन इंजिन तापल्यावर तो कमी झाला, तर तडा असण्याची शक्यता मोठी, कारण धातू फुगून फट मिटते. धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर थोपटून बघायला सांगा. आत खुळखुळलं तर सिरॅमिकचा गाभा फुटला आहे. हा दोष दिसतो त्यापेक्षा गंभीर आहे, कारण त्याचे कण मागे ओढले जाऊन सिलिंडरच्या भिंती खरवडू शकतात. कन्व्हर्टर काढून सरळ पाइप बसवले असतील, तर मूळचे मिळणार का हे विचारा, नाहीतर प्रदूषण चाचणीच्या वेळी अडाल. सस्पेन्शनचे बॉल जॉइंट, गिअरबॉक्सचे माउंट, पुढच्या दोन कोपऱ्यांतल्या रेडिएटरसमोर अडकलेला पालापाचोळा, हेही तिथेच पाहून होतं.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावताना ते अ‍ॅल्युमिनियमवर चालणारं हवं. या गाडीचा सांगाडाही अ‍ॅल्युमिनियमचा आणि अंगही, त्यामुळे लोहचुंबकाने काहीच कळणार नाही. मूळ रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन असतो. एखाद्या भागावर ३०० दिसले तर तो पुन्हा रंगवलेला आहे, ५००-६०० च्या पुढे गेले तर खाली पुटी. बंपर प्लास्टिकचे, तिथे यंत्र मुकं राहतं. पुढचं नाक खड्यांमुळे रंगवलेलं असणं सामान्य आहे, त्यावरून गाडी नाकारू नका. मागच्या बाजूला किंवा दाराच्या चौकटीत जाड रंग निघाला, तर मात्र सांगाडा मोजून घ्यायला लावा. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा सरळ करणं प्रत्येक डेंटिंगवाल्याचं काम नाही.

स्कॅनरवर एकही एरर कोड नाही, हे ऐकून लगेच खूश होऊ नका. ‘रेडीनेस’ची नोंदही वाचायला लावा. कॉम्प्युटरच्या स्वतःच्या चाचण्या अपूर्ण दिसत असतील, तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी नुकतीच काढली होती. गाडी शे-दोनशे किलोमीटर चालवून पुन्हा वाचा.

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंडगार हवं. तसं आधीच सांगा आणि पोचल्यावर एक्झॉस्टजवळ हात नेऊन खात्री करा. विक्रेत्याने ‘तुमच्यासाठी गरम करून ठेवली’ म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी या. थंड स्टार्टला निळा धूर आला तर व्हॉल्व्हची सील किंवा गाइड झिजलेत. गोडसर वासाचा पांढरा धूर थांबेचना तर कूलंट आत जातंय. ऑइलचं तापमान ८० अंशांच्या वर जाईपर्यंत इंजिन ओढू नका. तापल्यावर लांब उतारावर पाय काढून गाडी सोडायची आणि मग अ‍ॅक्सिलरेटर दाबताना आरशात मागे निळा धूर येतो का ते पाहायचं. व्हॉल्व्ह गाइडची खरी परीक्षा तिथे होते. शेवटी गाडी दहा मिनिटं बंद ठेवून गरम असताना पुन्हा स्टार्ट करा. ऑइल मोजायची पद्धत ड्राय सम्पमुळे, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत साठत असल्यामुळे, वेगळी आहे: इंजिन पूर्ण गरम आणि आयडलवर चालू असताना मोजायचं. थंड, बंद गाडीत मोजून वरून ऑइल ओतणारे असतात, आणि ते जादाचं ऑइल इनटेकमधून जळतं.

याच प्रश्नात अडकलेल्या, पण दुसऱ्या गाड्या पाहणाऱ्यांसाठी थोडं. लॅम्बोर्गिनी गॅलार्डोची ई-गिअर पेटी क्लचच्या बाबतीत एफ१ चीच बहीण आहे, क्लच वापरण्याबद्दल वर लिहिलेलं तिलाही लागू. पोर्शे ९११ च्या ९९६ आणि २००८ पर्यंतच्या ९९७ मध्ये, टर्बो, जीटी२ आणि जीटी३ वगळता, इंटरमीडिएट शाफ्टचं (क्रँककडून कॅमशाफ्टकडे गती नेणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग आणि सिलिंडरच्या भिंतींवरचे ओरखडे हे दोन धोके. दुसऱ्यासाठी प्लगच्या छिद्रातून बारीक कॅमेरा घालून पाहतात. मॅन्युअल पोर्शेचा ओव्हर-रेव्ह अहवाल जरूर काढा. वरच्या गिअरमधून चुकून फार खालचा पडला की चाकं इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवतात आणि रेव्ह लिमिटर काही करू शकत नाही. ९९७ चा कॉम्प्युटर हे सहा पातळ्यांत, इंजिनाच्या कितव्या तासाला घडलं त्यासह नोंदवतो. चौथ्या पातळीपासून वरची नोंद अगदी अलीकडच्या तासाची असेल तर गाडी सोडा. त्याच अहवालातल्या एकूण तासांनी किलोमीटरला भागा. सरासरी वेग ताशी ३०-५० च्या आसपास यायला हवा. तो अवास्तव निघाला तर ओडोमीटरवर संशय घ्या. मॅक्लारेन एमपी४-१२सी मध्ये सस्पेन्शनचे अ‍ॅक्युम्युलेटर थकले की गाडी अचानक कडक धावते. ऑडी आर८ मध्ये मॅग्नेटिक शॉकअप गळतात. कार्बन-सिरॅमिक ब्रेक असलेल्या कुठल्याही गाडीत डिस्कची झीज नुसत्या जाडीवरून कळत नाही. डिस्क काढून वजन करतात आणि तिच्यावरच कोरलेल्या किमान वजनाशी ताडतात. चाक काढताना लागून कडेला टवका उडालाय का, तेही बघा.

उद्या काय करायचं? दोन्ही विक्रेत्यांना एकच निरोप द्या: ‘स्वतंत्र तपासणी माझ्या खर्चाने करायची आहे, लीकडाउन आणि क्लचच्या वाचनासह. चालेल का?’ पहिल्याने नकार दिला किंवा घाई सुरूच ठेवली, तर तो विषय तिथेच संपला. तयार झाला, तर इसार लेखी द्या आणि त्यात तीन अटी घाला: तपासणीत ठरावीक खर्चापेक्षा मोठा दोष निघाला तर इसार परत, बेल्टचं काम विक्रेत्याने पावतीसह करून द्यायचं किंवा तेवढी रक्कम कमी करायची, आणि कागदपत्रं नावावर होईपर्यंत उरलेली रक्कम द्यायची नाही. बेल्ट, टायर, पाइप, ब्रेक ऑइल, कदाचित क्लच, असं सगळं वजा केल्यावर ती दुसरीपेक्षा खाली आली आणि लीकडाउनचे आकडे चांगले निघाले, तर आनंदाने घ्या, किलोमीटर कमी म्हणून तिला नाकारायचं कारण नाही. दुसरीच्या फाइलमध्ये बेल्ट गेल्या दोन वर्षांतला आणि क्लच निम्म्याहून जास्त शिल्लक असेल, तर बंपरच्या टवक्यांवर भावात घासाघीस करा आणि व्यवहार उरका.

गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात ऑइल आणि फिल्टर बदला. जुना फिल्टर कापून आत धातूची चमक आहे का पाहा आणि जुन्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत द्या. तांबं-शिसं जास्त निघालं तर बेअरिंग, सोडियम-पोटॅशियम निघालं तर कूलंट. ब्रेक ऑइल, कूलंट आणि गिअरबॉक्सचं ऑइलही याच फेरीत बदलून घ्या. उभी असताना गाडी बॅटरी मेंटेनरला जोडून ठेवा, कारण व्होल्टेज उतरलं की गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर नसलेले दोष दाखवायला लागतो. आणि चालवाल तेव्हा ऑइल पूर्ण तापून वीसेक मिनिटं तरी होतील एवढं अंतर जा, निदान पंधरवड्यातून एकदा.